डॉक्टरबाई आणि डावीकडे जाणारी गाडी

कळवणहून अभोण्याकडे जाताना एके ठिकाणी रस्ता बराच लांब सरळ जातो. तिथे पुढेमागे कोणी नाही असं पाहून डॉक्टरबाई गाडी रस्त्याच्या मधोमध घेत आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत. शेजारी पहिल्यांदा बसलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळे. मीही पहिल्या दिवशी औषधांची पेटी छातीशी धरून डोळे मिटून घेतले होते.

"डोळे उघड, मंगल," बाई शांतपणे म्हणाल्या. "गाडी बघ. सरळ जातेय ना? मग आज घाटात काळजी नाही." आणि हात पुन्हा स्टेअरिंगवर.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांच्याबद्दल लोक खूप काही सांगतात, पण मला आधी आठवतात ते हे मांडीवर ठेवलेले हात.

कळवणला त्यांचा दवाखाना होता. मी हरसूलची, नर्सिंग करून त्यांच्याकडे कामाला लागले. दर गुरुवारी दवाखाना बंद ठेवून आम्ही दोघी पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर जायचो. बाईंची गाडी उंच, मातकट रंगाची, चारही चाकांना जोर असलेली फोर बाय फोर होती. सुती साडीचा पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून त्या ती स्वतः चालवायच्या. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांना ते काही केल्या पटत नसे.

"बाई, गाडी हाकाया गडी नाय का ठेवला?"

"ठेवला होता बाबा. घाट बघून पळाला."

ते खरंच होतं. दोन-तीन ड्रायव्हर आले आणि गेले. पावसाळ्यात ज्या चिखलातून बाई चाकं गुंतवत-सोडवत वर जात, तिथून ते गाडी परत फिरवायला बघत. बाई त्यांच्यावर चिडल्या नाहीत. "ज्याला भीती वाटते त्यानं चालवू नये. मला वाटत नाही, मी चालवते," एवढंच म्हणाल्या.

गाडी सुरू करण्याआधी त्या चारही टायरांवरून तळहात फिरवत. मी हसले तर म्हणाल्या, "टायर एका बाजूनं झिजायला लागलं की हाताला आधी कळतं. दुखणं अंगावर काढत माणूस चालतो, तशी गाडीही चालते. पण किती दिवस?" त्यांनी मलाही गाडी शिकवली आणि लायसन्स काढायला लावलं. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं. "दोघींपैकी एकीला ताप आला तर गुरुवार चुकायला नको." पण त्यांना ताप कधी आला नाही, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या माळापलीकडे माझी गाडी कधी गेली नाही.

एका पावसाळ्यात कनाशीच्या पुढे रस्त्याखालची मोरी खचलेली होती. वर पाणी होतं म्हणून दिसलं नाही. पुढचं डावं चाक दाणकन आत गेलं, माझं डोकं काचेवर आपटलं. बाईंनी गाडी बाहेर काढली, माझ्या कपाळावर पट्टी लावली आणि आम्ही पाड्यावर गेलो. मात्र त्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. बाई स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवत. संध्याकाळी त्यांचे खांदे भरून येत.

तशातच त्यांचा मुलगा सुहास नाशिकहून आला. आईवर जीव असलेला, पण आईच्या गाडीवर मुळीच जीव नसलेला. तो शेजारी बसून एक चक्कर मारून आला आणि ओट्यावरच बोलायला लागला.

"आई, गाडी सारखी डावीकडे जात होती."

"ओढतेय ती. मोरीत आदळली."

"गाडी नाही, तुझे हात थकलेत. साठी कधीच उलटली. ही गाडी विकून टाकू आता. दवाखाना चालव, पण डोंगर पुरे."

मला वाटलं बाई भांडतील. कारण डोंगर पुरे म्हणजे गुरुवार पुरे, आणि त्या पाड्यांवर दुसरं कोणी जात नव्हतं. बाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "तपासून घेऊ. नाशिकला चारही चाकांची अलाइनमेंट करू, चाकं सरळ रेषेत आहेत का ते कळेल. गाडीत दोष निघाला तर चावी माझ्याकडे. नाही निघाला तर तुझ्याकडे. चालेल?"

सुहासदादा म्हणाला, "चालेल."

आम्ही तिघं वणी-दिंडोरीमार्गे नाशिकला गेलो. बाई द्राक्षबागांकडे बघत, गाडी उजवीकडे धरून, आरामात चालल्या होत्या.

द्वारकेच्या अलीकडे एका मोठ्या शेडमध्ये अलाइनमेंटचं मशीन होतं. तिथल्या फिटरनं आधी चारही टायरांची हवा सारखी केली. मग गाडीचं पुढचं तोंड उचलून डावं चाक दोन्ही हातांनी हलवलं. खटखट असा आवाज आला. तो खाली वाकला आणि म्हणाला, "मॅडम, चाक वळवणारा हा टाय रॉड वाकलाय. त्याच्या टोकाचा एंड पण ढिला झालाय. हे बदलल्याशिवाय अलाइनमेंट करून फायदा नाही."

"बदला," बाई म्हणाल्या.

रॉड बदलून झाल्यावर त्यानं चारही चाकांना मशीनच्या मापपट्ट्या लावल्या आणि स्टेअरिंग हलू नये म्हणून दांडी अडकवली. पडद्यावर चार चाकं उमटली. मागची दोन हिरवी, पुढची दोन लाल. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून तो पाना फिरवत गेला तसे पडद्यावरचे आकडे सरकत गेले आणि लाल रंगाचा हिरवा झाला. सुहासदादा हाताची घडी घालून हे सगळं बघत होता.

"रॉड वाकलेला असताना ही गाडी कोण चालवत होतं?" फिटरनं विचारलं.

"मीच."

"खांदे दुखले असतील."

"दुखले," बाई म्हणाल्या, आणि मुलाकडे वळल्या. "बघ, मशीनला माझं वय माहीत नाही."

सुहासदादा हसला. तो दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस, चावीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. परतताना दिंडोरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर बाईंनी हात मांडीवर ठेवले. सुहासदादानं डॅशबोर्ड धरला, आणि गाडी सुतासारखी सरळ गेली.

त्यानंतर पुष्कळ गुरुवार झाले. मग एका हिवाळ्यात गाडी पुन्हा डाव्या कडेला जायला लागली. या वेळी कुठे आदळली नव्हती. एकदा चाक खडीत उतरलं. मी म्हटलं, "बाई, डावीकडे." त्या "हो" म्हणाल्या आणि गाडी वर घेतली. त्याच आठवड्यात पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "चल मंगल, नाशिकला. अलाइनमेंट बघून येऊ."

तोच फिटर, तेच मशीन. त्यानं चाकं हलवून पाहिली, पट्ट्या लावल्या. चारही हिरवी.

"काही करायचं नाही मॅडम. एकदम बरोबर आहे."

"परत एकदा लावून बघा."

त्यानं पट्ट्या काढून पुन्हा लावल्या. पुन्हा चारही हिरवी. बाईंनी त्याचे आभार मानले आणि बाहेर येऊन गाडीत बसल्या. वणी मागे पडली. पुढे मोकळ्या रस्त्यावर हात उचलले. गाडी सरळ गेली. हात परत ठेवले. थोड्या वेळानं विचारलं, "आता मी कुठे आहे?"

"डाव्या पांढऱ्या पट्टीवर, बाई."

त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. माझ्याकडे तोंड करून बसल्या आणि उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. "माझ्या डाव्या कानाच्या बाजूला, जरा लांब, बोट धर. हलवत हळूहळू पुढे आण. मला दिसलं की सांगते."

असं त्या पेशंटना करताना मी अनेकदा पाहिलं होतं. मी बोट धरलं. हलवायला लागले. बाई माझ्या नाकाकडे बघत होत्या. चेहरा स्थिर, एखाद्या पेशंटच्या उत्तराची वाट बघावी तसा. मी बोट पुढे आणलं, आणखी पुढे आणलं. बाजूनं कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला.

"हलवतेयस का?" त्यांनी विचारलं.

"कधीची हलवतेय, बाई."

त्यांनी तळवा खाली घेतला. "काचबिंदू असणार," त्या म्हणाल्या. "डावी कडा दिसतच नाहीये मला, म्हणून तिकडे जाते." मग दार उघडून उतरल्या, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "सरक तिकडे."

"बाई, मी फक्त माळावर चालवलीय."

"मला रस्त्याची एकच बाजू दिसते, तुला दोन्ही दिसतात. सरक."

मी कशीबशी कळवणला गाडी आणली. दवाखान्यात शिरताच बाईंनी स्वतः सुहासदादाला फोन केला. निदान सांगितलं, नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली. तो काहीतरी बोलला असावा. त्यावर त्या म्हणाल्या, "चावी मंगलकडे दिलीय. गुरुवार चालू राहील."

निदान बरोबर निघालं. थेंबांनी होती ती नजर टिकली, गेलेली आली नाही. बाईंनी पुन्हा कधी स्टेअरिंगला हात लावला नाही आणि त्याबद्दल हळहळलेलंही मी ऐकलं नाही. शेजारी बसून त्या मला घाट शिकवत. "इथे पहिल्यातच ठेव." "फोर बाय फोर आता टाक, चिखलात गेल्यावर नको." "ब्रेकवरचा पाय काढ, इंजिन धरेल." आठवड्यामागून आठवडे असं चाललं होतं. मला त्यांच्या सूचनांची इतकी सवय झाली की वळण आलं की मी कान तिकडे देई.

एका गुरुवारी पाड्यावरून उतरताना पेशंटची भरपूर गर्दी आटोपून आम्ही दमलो होतो. घाटातलं सगळ्यात अवघड वळण आलं. मी गिअर खाली घेतला आणि वाट पाहिली, पण सूचना आली नाही. वळण पार झालं. पुढचंही झालं. मी विचारलं, "बाई, बरोबर चाललंय ना?"

मी क्षणभर शेजारी पाहिलं. डॉक्टरबाई काचेला डोकं टेकवून, बारीक घोरत, गाढ झोपल्या होत्या.