हाफेलच्या काठी थांबलेलं टिंब

बर्लिनला जायचं ठरलं ते एका टिंबामुळे. माझा नवरा विनय गेल्या वर्षी गेला. पक्का पळणारा गडी, पण गेला तो स्टुटगार्टच्या आमच्या स्वयंपाकघरात, चहा गाळताना. डॉक्टर म्हणाले, हृदयाने आधी कधीतरी इशारा दिला असणार. तेव्हापासून माझे सासरे, आप्पा, अधूनमधून विचारतात, "तुला काहीच कसं जाणवलं नाही गं?" मला राग येतो, कारण मीही स्वतःला रोज तेच विचारते.

त्याच्या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या घड्याळात शेवटच्या महिन्यातली एक धाव सापडली. ऑफिसच्या कामाला बर्लिनला गेलेले साहेब मला न सांगता १९३६च्या ऑलिंपिक मॅरेथॉनच्या वाटेवर पळून आले होते. नकाशावर ते टिंब जंगलात एके ठिकाणी एकोणीस मिनिटं थांबलं होतं. का थांबलं, ते बघायला आप्पा आणि मी निघालो.

रेल्वेचं तिकीट दीड महिना आधी काढलं म्हणून परवडलं. तुम्हीही तसंच करा, ऐनवेळी खिसा कापला जातो. तिखटमिठाच्या पुऱ्या आप्पांनी मानहाइम यायच्या आत संपवल्या. बर्लिनमध्ये दिवसभराचा पास घ्या, दोघांचे मिळून वीस-बावीस युरो होतात.

ऑक्टोबरातली धुक्याची सकाळ होती. ऑलिंपिक स्टेडियममध्ये आमच्याशिवाय फक्त गवत कापणारा एक माणूस होता. मॅरेथॉन गेटपाशी दगडात विजेत्यांची नावं कोरली आहेत. मॅरेथॉन जिंकलेला माणूस कोरियाचा, पण देश जपानच्या ताब्यात, म्हणून नावापुढे जपान लिहिलंय. बक्षीस घेताना त्याने मान खाली घातली आणि हातातल्या ओकच्या रोपट्याने छातीवरचं जपानचं निशाण झाकलं.

"जिंकून मान खाली?" आप्पांनी विचारलं.

"आतलं कुणाला दिसू नये म्हणून असेल."

"आपला विनू तसाच," आप्पा म्हणाले.

पुढची वाट ग्रुनेवाल्डच्या रानातून हाफेल नदीच्या काठाने जाते. शर्यत जिथून परत फिरली तो रस्ता आज ऑटोबान, म्हणजे मोटारींचा महामार्ग आहे, तिथे पायी जाता येत नाही. आप्पांना म्हटलं, "अहो, तुम्ही बसने पुढे जा, बसून पाय अवघडले की उतरा, मी गाठते." बस तासाला एकच आहे, वेळ बघून निघा.

विनयचं घड्याळ मनगटावर बांधून मी पळत निघाले. घड्याळात जुनी धाव लावली की पडद्यावर दोन टिंबं पळतात. निळं आपलं, करडं विनयचं, त्या दिवशीचं. करडं लगेच पुढे गेलं. मी वळणावर पोचेपर्यंत त्याने पुढचं वळण घेतलेलं असायचं. मागे पावलं वाजत होती. मी थांबले की तीही थांबायची. माझीच असणार, दुसरी कुणाची?

समोरून कुत्रा घेऊन एक बाई आल्या. मला "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणाल्या. चार पावलांवर पुन्हा "मॉर्गन" म्हणाल्या. मी वळून पाहिलं तर रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.  कुत्र्याशी बोलल्या असतील म्हणत मी पळत राहिले.

आठेक किलोमीटरवर, रानातल्या जुन्या टॉवरच्या चढाच्या पुढे, करडं टिंब थांबलं. मी हळू पळते, पण ते एकोणीस मिनिटं थांबणार होतं, म्हणून त्याला गाठता येणार होतं. धापा टाकत पोचले. नदीकडे तोंड करून एक बाक होतं, आणि बाकावर आप्पा बसले होते. जागा मी त्यांना दाखवलीच नव्हती.

"इथेच कसे उतरलात?"

"बसावंसं वाटलं," ते म्हणाले. बाकाची उजवी बाजू त्यांनी मोकळी ठेवली होती. मी तिथे बसले नाही.

दोन्ही टिंबं एकावर एक आली होती. चार मिनिटं मी पडद्याकडे बघत उभी राहिले. मग करडं हललं आणि झाडांत निघून गेलं.

घरी आल्यावर व्हॉट्सॅपवर ती तारीख शोधली. माझा कॉल होता, सोळा मिनिटांचा. म्हणजे माझ्याशी बोलायला थांबला होता तर! मी रडले, हसलेही. मग वेळ नीट पाहिली. तो थांबल्यावर दोन मिनिटांनी मी फोन केला होता; थांबला होता तो आधीच, माझ्यासाठी नव्हे. "बोल, निवांत बसलोय," म्हणाला होता, आणि तो हॉटेलात आहे असं समजून मी तळघराच्या हरवलेल्या किल्लीवरून त्याला फैलावर घेतलं होतं.

घड्याळात हृदयाच्या ठोक्यांची रेघही होती. तो थांबला तरी ती उतरत नव्हती. उतरली ती माझा फोन सुरू झाल्यावर, हळूहळू.

आप्पा चष्मा लावून बघत राहिले. "तू बोलत होतीस तोवर उतरत गेली की गं," म्हणाले. त्यानंतर 'तुला काहीच कसं जाणवलं नाही' हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही.

मी विचारते, पण त्याला. सोळा मिनिटं होती, विनू. एकदा तरी मला मध्येच थांबवून सांगायचं नाही का?