उपकेंद्रातल्या सिस्टरची जागा

माझ्या धाकट्या लेकाला लस द्यायला गावात नवीन सिस्टर आल्या, तेव्हा मी त्याला उचलून तुरीच्या शेतात जाऊन लपले होते. बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. लेकानेच भोकाड पसरून मला पकडून दिलं.

त्याच सिस्टर दारव्ह्याजवळच्या आमच्या उपकेंद्रात अजून आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. साडीखाली बूट घालतात, स्कूटीवर दोन पायांमध्ये लसीचा डबा ठेवतात. सुई टोचण्याआधीच "झालं, झालं" म्हणतात आणि खरोखरच तेवढ्यात होतं.

यंदा माझी नात नर्सिंग पास झाली आणि तिला पुण्याच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. मला ती इथेच हवी होती. तिला घेऊन मी उपकेंद्रात गेले आणि म्हटलं, "सिस्टर, तुमची जागा आता हिलेच देऊन टाका." जशी काही ती एसटीतली सीट, रुमाल टाकला की आपली!

सिस्टरांनी आधी नेहमीसारखं माझं बीपी मोजलं. मग माझं ताकदीचं इंजेक्शन त्यांनी नातीच्या हातात दिलं आणि माझा दंड पुढे ओढला. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा नात कापूस दाबून उभी होती. मला कळलंसुद्धा नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "वयनी, हात चांगला आहे पोरीचा. इथं भरतीची जाहिरात निघाची वाट पाह्यत बसन, तं हाच हात नुसत्या पोळ्या लाटन. जाऊ द्या तिले पुण्याले. तुमच्या बीपीले मी आहो नं अजून सालभर."