विनीने ओतलेलं पाणी

दंतवैद्याकडून मोनिका परतली तेव्हा तिचा अर्धा गाल अजून बधिर होता. सासूच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा दिसले ते स्कायचे केस. दीड वर्षाची पोर उंच खुर्चीत बसून टोस्ट चघळत होती आणि तिच्या कपाळावरच्या बटांतून पाणी ठिबकत होतं.

"आंघोळ घातलीत का हिला?"

"नाही गं," सासू, म्हणजे विनी, म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मग केस कशाने भिजले?"

विनीने हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "कपाळ तापलं होतं तिचं. मी घाबरले."

"विनी, दात येतायत तिला! काय केलंत तुम्ही?"

"करायला हवं होतं ते केलं. नळाखाली धरली आणि तीनदा पाणी घातलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आता काही झालं तरी पोर देवाच्या पदरात आहे. तू रागव, खुशाल रागव."

मोनिकाला राग आलाच नाही. ती जवळच्या खुर्चीत बसली.

मूल दगावेल अशी भीती असली, तर फादरची वाट न बघता कुणीही त्याला बाप्तिस्मा देऊ शकतं. इंग्लंडमधल्या लँकशरच्या त्या गल्लीतली प्रत्येक म्हातारी हे शाळेत असल्यापासून जाणून होती. विनीचं पहिलं मूल, मोनिकाच्या नवऱ्याच्या, गेरार्डच्या आधीचं, फादर इस्पितळात पोचायच्या आत, बाप्तिस्म्याविनाच गेलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. पण नातेवाइकांपैकी कुणाचं बाळ नुसतं शिंकलं तरी तिची नजर पाण्याच्या नळाकडे जायची.

पण स्काय अजून मोनिका आणि गेरार्डची नव्हती. घर त्यांचं, पाळणा त्यांचा, जाग्रणं त्यांची, आणि पोर मात्र कायद्याने अजून जन्मदात्या आईची, केलीची. दत्तकाचा कोर्टाचा हुकूम व्हायला काही आठवडे बाकी होते. ही केली मोनिकाला एकदाच भेटली होती, समाजसेविकेच्या कचेरीत. वय बाविसाच्या आसपास, नखं कुरतडलेली. तिने दोनच गोष्टी मागितल्या. "नाव बदलायचं नाही. आणि चर्चमध्ये नेऊन पाणीबिणी घालायचं नाही. मला घातलं होतं. काय भलं झालं माझं?" मोनिका आणि गेरार्ड दोघांनीही शब्द दिला होता, की हुकूम होईपर्यंत नाही.

इथवर यायला त्यांना काय काय सोसावं लागलं होतं! चार गर्भ गेले. डॉक्टरांनी प्रयोगशाळेतला, टेस्ट ट्यूबचा उपाय सुचवला तेव्हा मोनिकानेच नको म्हटलं होतं. त्यासाठी फादरना तिला काही सांगावं लागलं नाही, मूल देवानेच द्यावं अशी तिची स्वतःचीच श्रद्धा होती. मग दत्तकाचे वर्ग झाले, तपासण्या झाल्या, तिच्या जुन्या प्रियकरापर्यंत चौकशा झाल्या. दत्तक समितीतल्या एका बाईने विचारलं होतं, "उद्या मुलगी मोठी झाली आणि म्हणाली, माझं एका मुलीवर प्रेम आहे, तर तुमचा धर्म काय करेल?" गेरार्ड गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा माणूस, भाषणं त्याला जमत नाहीत. तो म्हणाला, "धर्माचं माहीत नाही बाई. मी दोघींसाठी चहा टाकेन." त्या उत्तरावर ते पास झाले, असं मोनिकाला अजून वाटायचं. आणि आता हे!

गेरार्ड ऐकून पांढरा पडला. मग म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही. हे कोण जाणतं? आई, मी आणि तू."

"आणि देव."

"तो काही कोर्टात साक्ष द्यायला येणार नाही."

रविवारी चर्चमधल्या मिसा प्रार्थनेनंतर मोनिकाने फादर अँब्रोझना गाठलं. तिला वाटलं होतं, ते हसून म्हणतील, म्हातारीचं कशाला मनावर घेतेस. त्यांनी विचारलं, "पाणी वाहिलं का? शब्द नीट म्हटले का?"

"विनीने म्हटलेत, फादर. ती चुकणार आहे का?"

"मग झालं ते. पुसता येत नाही, आणि मला पुन्हा बाप्तिस्मा देताही येणार नाही."

हुकूम झाल्यावर सगळ्या नातेवाइकांना बोलावून मोठा बाप्तिस्मा करायचा, असं ठरलं होतं. आता गप्प बसायचं, तर त्या दिवशी देवासमोर खोटा सोहळा करायला हवा. आणि सोहळा टाळला, तर केव्हा ना केव्हा कारण सांगायला हवं. मोनिका घरी आली. स्कायला मांडीवर घेतलं आणि तिचे केस हुंगत बसून राहिली. रस्त्यावर गाडीचं दार वाजलं की ती पोरीला आणखी जवळ ओढायची.

समाजसेविका शाहीन पटेल नेहमीच्या भेटीला आली. गेरार्डने डोळ्यांनी 'नको' म्हटलं. मोनिकाने सांगून टाकलं.

शाहीनने विचारलं, "कुठे केलं हे?"

"सिंकमध्ये."

"भांडी होती त्यात?"

"एक कप होता, वाटतं."

शाहीनच्या ओठांचा कोपरा हलला आणि लगेच जागेवर आला. "हे मला नोंदवावं लागेल. केलीला कळवावं लागेल. आणि सासूबाईंनी सध्या स्कायला एकटीने सांभाळायचं नाही."

"केली स्कायला घेऊन जाईल का?"

"खोटा धीर देणार नाही मी, मोनिका. मला माहीत नाही."

विनीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं." त्यानंतर ती दर दुपारी यायची, दारातूनच हात हलवून चालायला लागायची, 'आत या' म्हटलं तरी यायची नाही.

आठवड्याच्या आत केलीने वकील गाठला. दत्तकाला विरोध करायची परवानगी मागणारा अर्ज आला. स्कायला थंडीचा कोट घ्यायला मोनिका दुकानात गेली आणि मोठ्या मापाचा हातात धरून उभी राहिली. हा घातला जाईल तेव्हा पोर कुणाच्या घरी असेल? ती रिकाम्या हाताने परतली.

सुनावणीच्या दिवशी स्कायला मोनिकाच्या बहिणीकडे ठेवलं होतं. कोर्टात पुकारा होईपर्यंत बसायच्या बंद खोलीत मोनिकाचा जीव गुदमरला, म्हणून ती मागच्या जिन्यावर आली. तिथे केली सिगारेट ओढत बसली होती. मोनिका मागे वळणार, तोच ती म्हणाली,

"थांब. लपवता आलं असतं ना तुम्हाला? सांगितलं कशाला?"

"भीती वाटली."

"कुणाची? देवाची?"

"सगळ्यांचीच. तुझी जास्त."

केलीने नाकातून धूर सोडला. "रडली का ती?"

मोनिकाला खोटं बोलावंसं वाटलं. "मी नव्हते तिथे. सासूबाई म्हणतात, खूप रडली. पाणी गार होतं."

"गार पाणी तिला चालायचंच नाही. मी कोपर बुडवून बघायचे आधी. आता कोण बघतं?"

"गेरार्ड. मला अंदाज येत नाही."

केली पायरीकडे बघत राहिली. मग सिगारेट विझवून उरलेला तुकडा तिने पाकिटात ठेवला आणि उठली. "माझ्या वकिलाला सांग, मी घरी गेले."

"मी सांगू?"

"मग काय, मी वर चढू परत?"

ती उतरून गेली. आणि मग नवीच भीती मोनिकाच्या अंगावर आली. हा निरोप तिनेच न्यायचा? तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? जिन्यात गाठून केलीला धमकावलं, असंच म्हणतील.

वर जाऊन तिने सगळं सांगितलं. शाहीन एकदम उभी राहिली. "तू बोललीस तिच्याशी?"

"ती बोलली. मी उत्तरं दिली."

केलीचा वकील कोट न घालताच खाली धावला. मोनिका खिडकीशी गेली. पलीकडे बसथांब्यावर दोघं दिसत होती. वकील हातवारे करत होता, केली मान हलवत होती. हो म्हणतेय की नाही, एवढ्या उंचीवरून कळेना. वकील धापा टाकत परत आला.

"अर्ज मागे घ्या म्हणते. स्वतःच्या तोंडाने सांगितलं तिने."

गेरार्ड भिंतीला टेकून रडायला लागला. मोनिका खिडकीतून हलली नाही. एक बस आली आणि केलीला तशीच ठेवून गेली. दुसरी आली. केली दोन पावलं पुढे झाली, परत मागे सरली आणि कोर्टाच्या इमारतीकडे वर बघू लागली. मन बदललं तर? मोनिकाने खिडकीची चौकट घट्ट धरली. तिसरी बस आली, पण मध्ये एक लॉरी उभी राहिली, आणि त्याच वेळी आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. गेरार्डने तिचं कोपर धरलं. "चल."

"ती चढली का? तू बघितलंस का, चढली का ती?"