वरची ढलाई, खालची टाकी

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने प्रशिक्षणासाठी कुठे जावे: इमारतींच्या बांधकामावर, की पाणी आणि सांडपाणी यांच्या कामावर? माझ्या घरी हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आला आणि त्याचे उत्तर पद्धतशीरपणे शोधायचे मी ठरवले. शोधणारी मात्र तटस्थ नव्हती, हे आधीच नोंदवते.

मुलगी म्हणजे माझी भाची. तिचे आईवडील छिंदवाड्याला असतात. कॉलेजसाठी ती चेरीतालला माझ्याकडे राहते. मी पर्यावरण अभियांत्रिकी शिकवते आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांचे आराखडे करून देते. भाचीने माझे काम पुढे न्यावे, एवढीच माझी इच्छा होती. तिच्याशिवाय ते नेणारे माझ्या घरात कोणी नाही.

दुसरी बाजू माझ्या मैत्रिणीची. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. आता ती आमच्याच शहरात, गोरखपूर भागाच्या पुढे, एका मोठ्या वसाहतीचे बांधकाम सांभाळते. स्लॅब, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत ढलाई, झाली की मिठाई वाटायची पद्धत आहे. त्यामुळे तिच्या प्रत्येक ढलाईनंतर माझ्याकडे खव्याच्या जिलबीचा डबा येतो. जिलबी उत्तम असते, आणि ती खाताना मला मनापासून वाईट वाटते. सांडपाण्याची टाकी सुरू झाली म्हणून कोणी कोणाला जिलबी पाठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मैत्रीण रस्त्यावरून जाताना बोट दाखवून म्हणते, "ती आमची बिल्डिंग." माझे काम त्याच बिल्डिंगच्या खाली असते आणि त्यावर लोक गाड्या उभ्या करतात.

सदरच्या बाजारात चहा घेताना तिने विषय काढला.

"पोरीला माझ्याकडे पाठव. तुझ्याकडे काय शिकेल, नाक दाबून उभं राहणं?"

"नाक दाबावं लागलं तर केंद्र नीट चालून नाही राहिलं, असं समजायचं. एवढं तर तूही शिकली होतीस."

"शिकली होती. पास झाली आणि विसरली."

मी सुचवले की भाचीने आम्हा दोघींबरोबर एकेक दिवस काढावा आणि मग स्वतः ठरवावे. पद्धत न्याय्य होती. सोयही होती, कारण तिच्याच वसाहतीच्या पहिल्या इमारतीखालचे सांडपाण्याचे केंद्र माझ्या आराखड्याप्रमाणे झाले होते आणि लवकरच सुरू व्हायचे होते.

मैत्रिणीच्या दिवशी नेमकी दुसऱ्या इमारतीची ढलाई निघाली. संध्याकाळी भाची केसांत सिमेंट घेऊन आणि हातात डबा घेऊन परतली.

"मावशी, आज स्लम्प मी घेतला." ताजे काँक्रीट शंकूच्या साच्यात भरून, साचा उचलल्यावर ते किती बसते हे मोजायची ही चाचणी. "सगळ्यांसमोर मावशी म्हणाली, हात चांगला आहे."

"कोणती मावशी?"

"अच्छा, मॅडम. त्याच म्हणाल्या, मावशी म्हण."

मी डबा फ्रिजमध्ये ठेवला. तिने तो पुन्हा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी मी तिला पहिल्या इमारतीच्या तळघरात, माझ्या केंद्रावर नेले. सांडपाण्यातले जिवाणू हवेवर कसे वाढतात, त्यांचा गाळ काचेच्या नळीत कसा खाली बसतो आणि वरचे पाणी कसे निवळते, हे मी वर्गात सांगते त्याहून मन लावून सांगितले. ती ऐकत होती. अधूनमधून फोनही पाहत होती. मग तिने मान वर केली आणि तशीच उभी राहिली.

"मावशी, टाकीतला पंप बिघडला तर काढणार कुठून?"

"या झाकणातून. वर साखळी अडकवून ओढायचा."

"पण झाकणाच्या बरोबर डोक्यावर बीम आहे. पंप त्याला अडकेल."

तिचे म्हणणे बरोबर होते. मैत्रिणीला खाली बोलावले.

"तुझं झाकण इथे काहून आलं?" तिने मला विचारले.

"माझ्या नकाशात ते पहिल्यापासून इथेच आहे."

"माझ्या नकाशात बीम पहिल्यापासून इथेच आहे."

भाचीने दोन्ही नकाशे फोनवर उघडून आळीपाळीने पाहिले. "दोघींचंही बरोबर आहे. पण हे एकावर एक ठेवून कोणी पाहिलेच नाहीत?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहणे टाळले. शेवटी मैत्रीण म्हणाली, "चलो, बीमला हात नाही लावायचा. झाकण बाजूला घेऊ, टाकीवरची तेवढी स्लॅब कापू."

"असं जुळवून पाहायचं वेगळं काम असतं का?" भाचीने विचारले.

"असतं ना," मैत्रीण म्हणाली. "इमारत, पाणी, वीज, सगळ्यांचे नकाशे एका टेबलावर. आमच्या ऑफिसात ते टेबल रिकामं पडून राहिलं आहे. माणूसच मिळत नाही."

मी लगेच म्हटले, "हे माझ्याकडेही शिकता येईल."

"मावशी, तुझ्याकडे फक्त तुझेच नकाशे आहेत ना," भाची म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती.

आता ते नकाशांचे टेबल सांभाळायला ती रोज सकाळी माझ्या मैत्रिणीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जाते. मी गॅलरीतून पाहते. तिने बांधकामाची शाखा घेतली असती तर मी वाद घातला असता. तिने घेतलेल्या वाटेत माझे कामही येते, मैत्रिणीचेही येते. तरी ती वाट मैत्रिणीच्या दारातून सुरू होते, हे मला अजून सहन होत नाही.

माझा निष्कर्ष असा: प्रश्नात मी दोनच वाटा धरल्या होत्या, आणि तिसरी त्या दोहोंच्या मधे होती. ती दाखवणे मला किंवा मैत्रिणीला जमले नसते, कारण आम्ही दोघी आपापल्या नकाशाबाहेर पाहत नव्हतो. पण मी एकच मुलगी आणि एकच इमारत पाहिली आहे, आणि पाहणारीचे मन स्वच्छ नव्हते. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नये. प्रत्येक ठिकाणी एक दिवस स्वतः उभे राहावे आणि हे खरे आहे का, ते तपासून पाहावे.