पापण्यांचा तक्ता

पस्तीस वर्षं मी शाळेत मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेत कुणाचा हात डोळ्याकडे गेला की मी खेकसायची, "आधी हात धू!" कुंभकोणममध्ये भाजी घ्यायला गेलं तरी माझं ते खेकसणं आठवणारी एखादी बाई हमखास भेटते. त्यामुळे निवृत्तीनंतर दीड वर्षाने माझ्याच पापण्या लाल होऊन सुजल्या, तेव्हा मला त्रासापेक्षा संताप जास्त झाला.

सुरुवात उजव्या वरच्या पापणीपासून झाली. आधी नुसती खाज. मग कातडी कांद्याच्या सालीसारखी कोरडी होऊन सुटायला लागली, आणि आठवड्याभरात डावी पापणीही तिच्या जोडीला आली. दिवस चढला की आग व्हायची. डोळे मात्र स्वच्छ होते, दिसायलाही काही अडचण नव्हती. दुखणं नेमकं पापणीपुरतं होतं, आणि ते तिथेच का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

वेळही वाईट साधली होती. त्याच सुमारास कानाच्या डॉक्टरांनी आईला तपासून सांगितलं होतं की डावा कान गेलेला आहे आणि उजवाही हळूहळू चालला आहे. यंत्र लावून बोलणं कळेल, गाणं मात्र पूर्वीसारखं लागणार नाही. आई चौऱ्याऐंशीची. घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझे अप्पा भजनांत वाजवीत तो अभंग एकदां फिडिलावर ऐकायचा आहे गे. कान आहे तोंवर."

आमच्या घरात अशीच मराठी बोलतात. पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आले, आणि भाषा त्यांच्या सामानाबरोबर उतरली ती तिथेच राहिली. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात, आम्ही त्यांचं ऐकून हसतो.

अप्पांकडून मी लहानपणी चार वर्षं फिडील, म्हणजे व्हायोलिन, शिकले होते, नंतर सोडलं. आता पेटी उघडली, तारा नव्या घातल्या आणि रोज सकाळी तासभर मांडी घालून बसायला लागले. बोटं ऐकत नव्हती. पण आई शेजारच्या खोलीत यंत्र कानाला लावून वाट बघत असायची, त्यामुळे कंटाळा करायची सोय नव्हती. त्यात पापण्यांनी हा असहकार पुकारला. त्या इतक्या झोंबायच्या की अर्ध्या तासात फिडील खाली ठेवावं लागायचं.

"तुज अप्पांचे डोळे आले," आई म्हणाली.

हे खरंच वाटण्यासारखं होतं. अप्पांच्या पापण्या माझ्या लहानपणी कायम लाल. भजनात अभंग रंगला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि लोक म्हणायचे, काय ही भक्ती! पुढे पापण्या फारच सुजायला लागल्या तेव्हा त्यांनी फिडील बंद केलं आणि भजनात झांज धरून बसायला लागले. घरात कारण ठरलेलं होतं, अंगात सूडु, म्हणजे उष्णता. उपायही ठरलेला होता, तो म्हणजे आईचा मलम. पहिल्या लालीपासून ती रोज दुपारी अप्पांच्या पापण्यांना तो लावायची; पुढे वर्षभरात डोळे निवळले, तरी तिने नेम मोडला नाही. तेव्हापासून हा मलम आमच्या घरात देवाच्या खालोखाल.

मलम आई अजून स्वतः करते. तिळाच्या तेलात राळेची पूड विरघळवायची आणि मग ते तेल परातीत घेऊन पाणी घालून फेटत राहायचं. पाणी बदलायचं, पुन्हा फेटायचं. शेवटी तेलाचं पांढरं लोणी होतं. टाचेच्या भेगा, भाजलेलं, उठलेलं, सगळ्याला हाच. आता तिच्या हातून स्वयंपाक होत नाही, फुलांच्या माळाही होत नाहीत. फक्त मलम होतो. तिने डबी काढली आणि मी मुकाट डोळे मिटून बसले.

मलम लावल्यावर आग झाली. "झोंबतें म्हणजे लागू पडतें," आई खुशीत म्हणाली.

मी मात्र दुसऱ्या दिवशी वही काढली आणि तक्ता आखला. पापणीला लागू शकणाऱ्या सगळ्या गोष्टी एका रकान्यात, तारखा दुसऱ्यात, सूज शून्य ते पाचमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तत्त्व मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. पहिल्या आठवड्यात काजळ बंद. मग शाम्पू. मग केसांचं तेल, मग आरतीचा कापूर, मग तोंडाची पावडर. शेजारीण नंद्यावट्टैची, म्हणजे तगरीची, पांढरी फुलं घेऊन आली आणि ती डोळ्यांवर ठेवून पडून राहा म्हणाली. फुलं गार होती, तेवढं सुख मिळालं. तक्त्यात सूज मात्र तीनच्या खाली येईना. एकेक संशयित निर्दोष सुटत होता, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायला लागली होती. आईला ही मजा अजिबात कळत नव्हती. ती दर दोन दिवसांनी विचारायची, "अभंग कुठवर आला?"

मग तिरुविडैमरुदूरला मावसबहिणीच्या घरी लग्न निघालं. मी सहा दिवस तिकडे राहिले. मलमाची डबी विसरले म्हणून आईने फोनवर झापलं. आणि तिकडे काय झालं, तर चौथ्या दिवशी पापण्या निवळल्या! आरशात बघून मी एकटीच हसले. आता कोडं सोपं होतं. माझ्या घरात आहे आणि मावसबहिणीच्या घरात नाही, असं काय? मी तिच्या देवघरात डोकावले. आमच्याकडे नाचियार्कोविलची मोठी पितळी समई आहे आणि दर गुरुवारी मी ती पावडर लावून घासते. तिकडे मी काहीच घासलं नव्हतं. सापडला चोर!

परत आले ती समईला हात लावायचा नाही असं ठरवूनच. आईने कपाळाला आठ्या घातल्या. समई काळवंडायला लागली. आणि तिसऱ्या दिवशी पापण्या पुन्हा टमटमीत फुगल्या. तक्त्यात मी पाच लिहिले आणि पेन आपटलं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. एकदा डोळा चोळला म्हणून मी तिला प्रयोगशाळेबाहेर उभं केलं होतं, आणि दुर्दैवाने ते तिच्या चांगलं लक्षात होतं. तिने माझा तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि तमिळमध्ये विचारलं, "मिस, यात फक्त डोळ्याला लावायच्या गोष्टी आहेत. हाताला लागणाऱ्या कुठे आहेत?"

मी तक्ता पुन्हा वरून खाली पाहिला. तिने समजावलं की पापणीची कातडी सगळ्यात पातळ असते. हाताला जे काही करत नाही, तेच हातावरून पापणीला लागलं तर छळतं. "दिवसातून किती वेळा डोळ्याला हात जातो, मोजलंय कधी?" असं वर विचारलं. तिने सगळं लावणं बंद करायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर ज्यांनी कातडी उठू शकते अशा पदार्थांच्या ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस पाठ ओली करायची नाही. मग पट्ट्या काढून पाहिलं, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. एकच ठिपका लालभडक होऊन उठला होता. तिने कागदावर त्याचं नाव लिहिलं, कोलोफनी.

हे नाव मी दोनदा वाचलं, आणि मग एकदम सुचलं. कोलोफनी म्हणजे रोझिन. पाइनच्या झाडाचा वाळलेला चीक. शाळेत मी त्याची बाटली मुलींना दाखवलेली आहे.

घरी आले आणि चप्पल काढून थेट फिडिलाच्या पेटीशी गेले. गजाच्या केसांना पकड यावी म्हणून त्यावर घासायची ती पिवळसर वडी मखमलीच्या तुकड्यात होती. रोज सकाळी मी ती घासत होते. वाजवताना तिची पांढरी पूड तारांवर, बोटांवर, मांडीवर पडत होती. त्याच बोटांनी मी चष्मा वर सारत होते आणि डोळे चोळत होते. लग्नाला गेले तेव्हा फिडील घरी होतं. आणि तक्त्यात फिडिलाचा रकानाच नव्हता, कारण ते माझ्या लेखी पूजेत जमा होतं. मी मोठ्याने हसले. माझ्यासारख्या मास्तरणीला वर्गाबाहेर उभं करायला हवं होतं.

हसू ऐकून नव्हे, वासाने आई आली. तिचे कान गेले असतील, नाक शाबूत आहे. "मलम कोण कढवितें?" असं विचारत ती वाकली, माझ्या हातातली वडी घेऊन नाकाशी धरली आणि म्हणाली, "हें राळ गे."

देशी औषधांच्या दुकानातून तिची राळ मीच आणून देते. तो पुडा आणला आणि फोडला. तेच पिवळे खडे, तोच वास. दोन्ही अगदी एकाच झाडाचे की नाही ते मी सांगू शकत नव्हते, पण डॉक्टरला फोन केला तेव्हा ती म्हणाली की बाजारात राळ म्हणून बऱ्याचदा हेच मिळतं, आणि मलम पापणीजवळही न्यायचा नाही. म्हणजे सकाळी मी आजार लावून घेत होते आणि दुपारी त्याच्यावर औषध म्हणून पुन्हा तोच.

आईला मी सगळं नीट, तिच्या उजव्या कानाशी सांगितलं. सांगायला नको होतं. पण मला शोध लागल्याचा इतका आनंद झाला होता की समोर कोण बसलंय हे मी विसरले. आईने हिशेब माझ्यापेक्षा लवकर केला.

"म्हणजे त्यांचे डोळे मींच बिघडविले," ती म्हणाली. "मजमुळे त्यांनीं फिडील सोडिलें."

"तसें नाहीं गे आई, वडीमुळें..."

"मलम रोज मी लावीं."

ती डबी घेऊन आत गेली. त्या दिवशी ती जेवायला बसली पण जेवली नाही. पुढे आठ-दहा दिवस अभंगाचं नाव काढलं नाही. माझ्या पापण्या निवळत होत्या, तक्त्यात एक, मग शून्य लिहिलं गेलं, आणि मला त्याचा काडीचा आनंद नव्हता. पाइनच्या चिकाशिवाय केलेली वडी मिळते असं कळलं होतं, ती मी चेन्नईहून मागवली होती. यायला महिना लागणार होता. आईला सांगितलं तर म्हणाली, "नको तें फिडील आतां." तिचा कान महिनाभर थांबेल का, हे मला माहीत नव्हतं. मला भीती वाटत होती की तिला ऐकायचं होतं ते ऐकायच्या आधीच कान जाईल, आणि तिच्या मनात हे एवढंच उरेल.

एका दुपारी मी नाकातोंडावर फडकं बांधून तारा आणि फिडील स्वच्छ पुसलं, तीनदा हात धुतले आणि गज पेटीतच ठेवला. फिडील मांडीवर आडवं घेतलं आणि बोटाने तारा छेडून अभंग वाजवायला लागले. आवाज अगदी बारीक होता. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला ऐकू जाणार नाही असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या ओळीला ती उठून बसली. यंत्र कानाला लावलं, काढून टाकलं, मग माझ्याजवळ जमिनीवर आली आणि उजवा कान तिने फिडिलाच्या लाकडाला टेकवला. मी थांबले.

"वाजव," ती म्हणाली.

मी अभंग पुरा केला. एक सूर चुकला. आईने डोकं उचललं नाही.

"तुझे अप्पा दुपारीं असेंच करीत," ती म्हणाली. "फिडील सोडिल्यावर. असेंच मांडीवर घेऊन, बोटांनीं. मी सयंपाकघरांतून ऐकें. मज वाटे, तारा लावून ठेविताहेत."

"गज न घेतां?"

"गज कधीं नाहीं." तिने लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मलम लाविला कीं ते मागल्या अंगणांत जाऊन तोंड धूत. मी विचारलें तर म्हणत, चिकट लागतें."

अप्पांचे डोळे ज्या वर्षी बरे झाले, त्या वर्षी मलम रोज लावला जात होता आणि रोज धुतलाही जात होता. गज पेटीत होता. अप्पांनी तक्ता आखला नव्हता, तरी त्यांना सगळं कळलं होतं, आणि बरं झाल्याचं श्रेय त्यांनी डबीला देऊन टाकलं होतं.

"त्यांस ठाऊक होतें?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणाले. पुरावा तेवढाच होता, पण वर्गात असते तरी मी हेच उत्तर दिलं असतं.

आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते तिने पदराने पुसलं. "लबाड," ती म्हणाली. "मी लावीं तेव्हां कसे डोळे मिटून बसत. वीस वर्षें."

मग तिने कान पुन्हा लाकडाला टेकवला, आणि मी अभंग पहिल्यापासून सुरू केला.