माशीताईचं उलटं काळीज

प्रयोगशाळेत तिला सगळे माशीताई म्हणायचे आणि पुढे सासरीही तेच नाव चिकटलं. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या चिमुकल्या माश्या ती बाटल्यांत वाढवायची आणि त्यांचे पंख सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायची. पंखावरच्या प्रत्येक पेशीला एक केस असतो. सगळे केस पंखाच्या टोकाकडे वळलेले, नुकतेच विंचरल्यासारखे. पेशीच्या एका कडेला एक प्रथिन बसतं, समोरच्या कडेला दुसरं. शेजारच्या पेशीतलं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि दिशेचा निरोप असा पुढे पुढे जातो. त्यातलं एखादं काढून टाकलं की केसांचे भोवरे होतात. ते भोवरे बघण्यात माशीताईची ऐन उमेदीची वर्षं गेली. नवरा शिंपी. तो म्हणायचा, "कापडाची सुलट-उलट मी बघतो, माशीची ही बघते. बरं जमतं आमचं."

एकदा बाटल्या धुताना तिच्या पोटात कळ आली. डावीकडे, खाली. ओळखीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स उजवीकडे असतं. हे गॅसचं दुखणं." गोळ्या घेऊन ती घरी आली. दुसऱ्या दिवशी तापाने फणफणली, उभं राहवेना, तेव्हा नवऱ्याने तिला हॉस्पिटलात नेलं.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या बरगडीखाली यंत्र फिरवलं आणि त्या थबकल्या. यंत्र उलटं धरलंय का ते पाहिलं. पुन्हा फिरवलं.

"तुम्हाला आधी कुणी काही सांगितलंय का?"

"कशाबद्दल?"

"तुमचं यकृत डावीकडे आहे." बाईंनी तिचाच हात उचलून तिच्या छातीवर उजवीकडे ठेवला. "हृदय इथे आहे. आतलं सगळंच आरशात दिसावं तसं आहे. अपेंडिक्सही डावीकडे, आणि ते चांगलंच सुजलंय."

हाताखाली धडधड लागली तशी माशीताईने हात डावीकडे नेऊन पाहिला, मग परत उजवीकडे आणला. एक बाळंतपण झालं, तापखोकल्याला कितीदा छाती तपासून झाली, आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माश्यांच्या दिशा तपासता तपासता केस पिकले आणि स्वतःच्या काळजाचा पत्ता नाही.

"उलटं असल्याने धोका आहे का?" नवऱ्याने सर्जनला विचारलं.

"उलटं असण्याचा नाही. उशीर करण्याचा आहे."

सर्जन नेहमीची बाजू सोडून टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, ते निघालं.

माशीताई शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी होती, चेहरा पांढराफटक.

"तू माझ्या पोटात असताना झालं ना हे? मी काय खाल्लं गं तेव्हा?"

"खाण्याचं नाही गं आई." माशीताई म्हणाली. "गर्भ अगदी लहान असतो तेव्हा त्याच्यावर एक खळगा असतो. त्यातले बारीक केस एका अंगाला कलून गरगर फिरतात, पाणी डावीकडे ढकलतात. त्यावरून शरीराला डावं-उजवं कळतं. केस कुठे कलायचे ते प्रथिनं ठरवतात."

"तुझ्या माश्यांचीच?"

"त्यांच्याच भावकीतली. पण माझ्यात नेमकं काय चुकलं, कोण सांगणार? केस फिरलेच नसतील तर कुठली बाजू मिळेल तो नुसता योगायोग."

आईने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर तिने आधी मुलीला डॉक्टरांकडे नेलं. मुलीचं हृदय डावीकडेच होतं. तरी पुढे कित्येक दिवस मुलगी झोपली की ही तिच्या छातीवर हात ठेवून बघायची. नवरा काही बोलायचा नाही, कारण तोही बघायचा.

ती कामावर परतली तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी हळूच विचारलं, "तुझ्या रक्तातली जनुकं तपासून बघायची? काय चुकलं ते कळलं तर कळेल."

"विचार करून सांगते," माशीताई म्हणाली आणि माशीचे पंख काचपट्टीवर पसरायला बसली. तिने अजून सांगितलेलं नाही.