शिसं पिणारी सूर्यफुलं

गल्लीत तिला सगळे फणकारा म्हणत, आणि हे नाव तिनं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. बॅटऱ्यांच्या बंद कारखान्याच्या आवारात ती राखणीला होती. तिथल्या मातीत शिसं मुरलेलं. ते ओढून घ्यायला सूर्यफुलं लावलेली. वाढली की मुळासकट उपटायची, पोत्यांत भरायची, पोती गाडीनं लांब नेऊन बंदोबस्तात ठेवायची. पाला गुरांच्या तोंडी लागता कामा नये, यासाठी ती डोळ्यांत तेल घालून पहारा करी.

पण तिच्यावर विश्वास ठेवायचा कुणी? दारातल्या झाडाची लिंबं कुणी तोडू नयेत म्हणून ती वर्षानुवर्षं "विषारी औषध मारलंय" असं ओरडायची आणि संध्याकाळी त्याच लिंबांचं सरबत पीत ओट्यावर बसायची. गल्लीनं हे डोळ्यांनी पाहिलेलं. त्यातून धाकट्या दिराशी घराच्या वाटणीवरून हाडवैर. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांचा उद्धार केल्याशिवाय दिवस उजाडायचा नाही.

त्या सकाळी भिंतीपलीकडे तिनं पाहिलं, तर दिराची गाय सूर्यफुलांचा पाला चघळत होती. तिची पाठ फिरल्यावर दिरानं कारखान्याचं कुंपण वाकवून भारे आणले होते, आणि बरेच दिवस आणत असावा, कारण गोठ्यात वाळक्या देठांचा ढीग होता. याच गाईचं दूध जावेच्या नातवाला पाजत. पोर अजून नीट चालायलाही लागलं नव्हतं.

फणकारा तशीच धावत जावेच्या स्वयंपाकघरात शिरली आणि पोराच्या पुढ्यातलं दूध मोरीत ओतलं. शिसं दुधात उतरतं, पोराच्या अंगात भिनतं, आत्ताच्या आत्ता रक्त तपासून आणा, म्हणून गयावया केली. गयावया करणं तिला जमत नव्हतं. ते भांडणासारखंच ऐकू गेलं.

"लिंबांनाही विषच होतं ना, जाऊबाई?" जाऊ म्हणाली, आणि पातेल्यातलं दुसरं दूध पोरापुढे धरलं.

मग फणकाऱ्यानं बोलणं सोडलं. गोठ्यात जाऊन दावं सोडलं, भर दिवसा गाय गल्लीतून ओढत कारखान्याच्या आवारात नेली, सूर्यफुलांपासून लांब बांधली आणि फाटकाला आतून कुलूप लावलं. दीर सगळी गल्ली घेऊन फाटकाशी आला.

"वहिनी, चोरी आहे ही."

"आहे. पोराचं रक्त तपासून या. मी खोटी ठरले तर गाय घेऊन जा, आणि गल्लीसमोर माझ्या तोंडात मारा."

ही संधी जाऊ कशी सोडणार? पोराला काखोटीला मारून ती तिथूनच तरातरा दवाखान्याच्या वाटेला लागली. निम्मी गल्ली मजा बघायला तिच्या मागून गेली.

फणकारा फाटकाचे गज धरून उभी राहिली. आयुष्यात कुणापुढे हार न मानलेली ती बाई त्या पोराच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत मनापासून विनवत होती, की आज आपण खोटं ठरावं.